विष्णुभट गोडसे : दक्षिणेसाठी निघालेला प्रवासी

शताब्दी-स्मरणिकेसाठी एखाद्या साहसी प्रवाशाचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपल्या वाचनालयातील प्रवासवर्णनांचे उंच कपाट उभे राहिले. ध्रुवप्रदेशाच्या बर्फात अडकलेली जहाजे, हिमालयाची शिखरे, आफ्रिकेतील नद्यांची उगमस्थाने यांच्या हकीकती सांगणारी पुस्तके त्या कपाटात आहेत आणि आमच्या पिढीने ती आधाशीपणे वाचली आहेत. परंतु त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर साध्या बांधणीचे एक लहानसे पुस्तक असे. त्यात जहाज नाही, होकायंत्र नाही, ध्वज रोवण्यासाठी शिखर नाही. आहे तो फक्त कोकणातला एक गरीब भिक्षुक. तो दक्षिणा मिळविण्यासाठी घरून निघाला आणि इतिहासातील एका प्रचंड वणव्यात सापडला. शाळेत असताना त्या वेळच्या ग्रंथपालांनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवले. वरच्या फळीवरचे पुस्तक मागायला गेलेला मी खालच्या फळीवरचे घेऊन घरी आलो आणि ते पुस्तक आजवर माझ्या मनातून उतरलेले नाही.

ते पुस्तक म्हणजे ‘माझा प्रवास’ आणि तो भिक्षुक म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकर.

विष्णुभटांचा जन्म १८२७ सालचा. आजच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात वरसई हे त्यांचे गाव. घराणे भिक्षुकीवर चालणारे आणि डोक्यावर कर्ज. पेशवाई बुडून एव्हाना बरीच वर्षे लोटली होती. पुण्यातील दक्षिणेचे आणि रमण्याचे दिवस वृद्धांच्या आठवणींतच काय ते उरले होते. विद्या होती, पण तिला आश्रय नव्हता. कोकणातल्या लहानशा गावात पूजाअर्चा, श्राद्धपक्ष, लग्नमुंजी यांवर किती मिळणार? घरात खाणारी तोंडे होती आणि देणेकरी दाराशी येत होते. अशा घरातल्या कर्त्या मुलाच्या मनाला जी टोचणी लागते ती विष्णुभटांच्या मनालाही लागली होती.

अशा वेळी उत्तरेकडून वार्ता आली की, बायजाबाई शिंदे मथुरेस एक मोठा यज्ञ करणार आहेत. बायजाबाईंची ओळख आपल्या ग्वाल्हेरच्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. दौलतराव शिंद्यांच्या त्या पत्नी. दौलतरावांच्या पश्चात काही वर्षे या संस्थानचा कारभार त्यांनी चालविला आणि १८३३ साली त्यांना तो सोडावा लागला. त्यांच्या औदार्याची कीर्ती दक्षिणेतील ब्राह्मणवर्गात सर्वदूर पसरलेली होती. यज्ञात लाखो रुपयांचा दानधर्म होणार असे कानावर आल्यावर विष्णुभटांनी जाण्याचा निश्चय केला. काका रामभट सोबतीला होते. घरच्या मंडळींचे मन वळविणे सोपे नव्हते. त्या काळी हिंदुस्थानात, म्हणजे नर्मदेपलीकडे, जाणे हे परदेशी जाण्यासारखेच होते. गेलेला माणूस परत येईलच असा भरवसा कोणी देत नसे. परंतु कर्ज फेडण्याचा दुसरा मार्गही दिसत नव्हता. अखेर निरोप मिळाला आणि १८५७ सालच्या वसंतात काका-पुतणे पायी निघाले. विष्णुभट तेव्हा तिशीचे होते.

पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्यांना कल्पना असणे शक्यच नव्हते. मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू होऊन चारच वर्षे झाली होती. उत्तरेकडे जाणाऱ्याला आपल्या पायांखेरीज आणि वाटेत भेटणाऱ्या सोबतीखेरीज आधार नव्हता. पुणे, अहमदनगर असे मुक्काम करीत, सातपुडा ओलांडून ते माळव्यात उतरले. महूच्या आसपास एका मुक्कामी त्यांची गाठ कंपनीच्या पलटणीतील शिपायांशी पडली आणि त्यांच्या तोंडून काका-पुतण्यांना प्रथमच कळले की लवकरच मोठा उठाव होणार आहे. काडतुसांची कथा त्यांनी तेथेच ऐकली. शहाण्या माणसाने तेथूनच माघारी फिरावे, असा सल्लाही मिळाला.

माझ्या मते विष्णुभटांच्या साहसाचा खरा आरंभ या मुक्कामी होतो. घरून निघताना त्यांना धोका ठाऊक नव्हता. आता तो ठाऊक झाला होता. तरी ते मागे फिरले नाहीत. यात वीराचा आवेश मुळीच नव्हता. रिकाम्या हातांनी वरसईस जायचे तर देणेकऱ्यांसमोर काय तोंड दाखवायचे, हा साधा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ध्रुवावर जाणाऱ्यांना कीर्तीची ओढ असते. या माणसाला घरच्या गरजेने पुढे ढकलले. प्रवासाच्या इतिहासात अशा गरजेने चाललेल्या पावलांची गणती कोणी केलेली नाही, पण जगातील बहुतेक प्रवास अशाच पावलांनी झाला असावा.

मथुरेचा तो यज्ञ आणि त्यातली दक्षिणा त्यांच्या वाट्याला आली नाही. देश पेटला होता. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे ठिकठिकाणी मिळेल तो आश्रय आणि मिळेल ती दक्षिणा घेत ते अखेर झाशीस पोहोचले. झाशीत दक्षिणी मंडळींची वस्ती होती. राणी लक्ष्मीबाईंच्या पदरी असलेल्या विद्वानांच्या ओळखीने काका-पुतण्यांची तेथे सोय लागली आणि भिक्षुकाला काही दिवस स्वास्थ्य लाभले.

झाशीचे त्यांनी केलेले वर्णन हा या पुस्तकाचा गाभा आहे. राणीसाहेबांची दिनचर्या त्यांनी जवळून पाहिली होती. पहाटेचा व्यायाम, घोडदौड, त्यानंतरचे स्नान आणि पूजा, दुपारचा दरबार, कधी पुरुषी तर कधी बायकी असा पोशाख, सायंकाळचे पुराणश्रवण हे सारे ते अशा तपशिलाने सांगतात की आपणही दरबाराच्या कडेला उभे आहोत असे वाटावे. कडाक्याच्या थंडीत गोरगरिबांना उबदार कपडे वाटण्याची राणीसाहेबांनी केलेली व्यवस्था त्यांच्या लक्षात राहिली. ज्याने स्वतः थंडी आणि भूक सोसली आहे, त्याच्याच स्मरणात अशा गोष्टी टिकतात. राणी लक्ष्मीबाईंची थोर चरित्रे पुढे अनेकांनी लिहिली. परंतु त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या मराठी माणसाने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलेली एवढी सविस्तर हकीकत दुर्मिळच म्हटली पाहिजे.

झाशीच्या राजवाड्यातील पुस्तकालयही विष्णुभटांनी नोंदविले आहे. वेद, भाष्ये, शास्त्रे, पुराणे यांच्या पोथ्यांचा तेथे मोठा संग्रह होता. तो पिढ्यान्‌पिढ्या वाढविला गेला होता आणि दूरदूरच्या पंडितांना तेथील पोथ्यांच्या नकला हव्याशा वाटत. दक्षिणेच्या शोधात आलेल्या या भिक्षुकाला त्या संग्रहाची किंमत पुरती कळली होती.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. विष्णुभट गावातच होते. तोफांचा मारा, रात्री आकाशातून येणारे गोळे, पेटलेली घरे, पाण्यासाठी जिवावर उदार होऊन केलेली धावपळ, तात्या टोपे मदतीस येत आहेत ही आशा आणि बेतवाकाठी त्यांचा पराभव झाल्यावर आलेली निराशा, हे सारे त्यांनी तटाच्या आत राहून अनुभवले. ३ एप्रिल रोजी इंग्रजी फौज शहरात शिरली. त्यानंतर लवकरच राणीसाहेब दत्तक पुत्राला बरोबर घेऊन रात्रीच्या वेळी किल्ल्यातून निसटल्या. मागे राहिलेल्या रयतेच्या नशिबी कत्तल आणि लूट आली.

त्या दिवसांचे वर्णन वाचताना आजही अंगावर शहारे येतात. विष्णुभट आणि रामभट जीव मुठीत धरून लपून राहिले. बाहेर घराघरांतून पुरुषांना ओढून ठार मारले जात होते. लुटीलाही एक क्रम होता. आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, मग कपडेलत्ते आणि धान्य, असे करीत शहर पुरते धुऊन निघाले. महिनोन्‌महिने पै-पै करून साठविलेली दक्षिणा शिपायांच्या हवाली करून काका-पुतण्यांनी आपले प्राण वाचविले. कर्ज फेडण्यासाठी जमविलेले द्रव्य गेले. राहिला तो फक्त देह. रस्त्यांवर प्रेते पडली होती आणि हवेत धूर भरला होता.

त्याच लुटीत ते पुस्तकालयही गेले. पोथ्यांभोवतीची वस्त्रे लुटणाऱ्यांना उपयोगी होती, आतली पाने नव्हती. पिढ्यांनी जमविलेले धन मातीमोल झाले. स्वतःची दक्षिणा गेल्याचे दुःख विष्णुभटांनी सांगितले आहेच, पण या पोथ्यांच्या नाशाची हळहळही त्यांनी विसरू दिलेली नाही. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेच्या वाचकांनी ही पाने जरूर वाचावीत. ग्रंथसंग्रह उभा करायला पिढ्या लागतात आणि तो नाहीसा व्हायला एखादा दिवसही पुरतो.

झाशी सोडल्यावर काका-पुतणे काल्पीच्या वाटेला लागले. त्या वाटेवरचा एक प्रसंग मराठी वाचकांच्या मनावर कायमचा कोरला गेला आहे. एका विहिरीपाशी त्यांची राणी लक्ष्मीबाईंशी अचानक गाठ पडली. राणीसाहेब पुरुषवेषात होत्या. अंगावर धूळ होती, चेहरा श्रमाने उतरला होता आणि त्यांना तहान लागली होती. विष्णुभट पाणी काढून देण्यास पुढे झाले, परंतु विद्वान ब्राह्मणाकडून पाणी ओढवून घेणे त्यांना रुचले नाही. त्यांनी स्वतःच मातीच्या भांड्याने पाणी काढले आणि त्या प्यायल्या. विधवेला लागते ते किती, मूठभर तांदूळ पुरे. तरीही आपण या कामात पडलो आणि दैवाने मात्र साथ दिली नाही, अशा आशयाचे काही त्या बोलल्या आणि घोड्यावर बसून निघून गेल्या. राज्य गेलेली राणी आणि दक्षिणा गेलेला भिक्षुक, दोघेही रिकाम्या हातांचे, एका विहिरीच्या काठी क्षणभर एकत्र आले. विष्णुभटांनी हे अलंकारांशिवाय सांगितले आहे, म्हणूनच ते मनाला भिडते.

पुढे मे महिन्यात काल्पी पडली आणि जूनमध्ये, आपल्या याच ग्वाल्हेरच्या परिसरात, राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले. फूलबागेतील त्यांच्या समाधीवरून आपण नित्य जातो-येतो. तेथे क्षणभर थांबावेसे वाटले तर ती विहीर आणि ते मातीचे भांडेही आठवावे.

इतके सोसल्यावर कोणीही सरळ घरचा रस्ता धरला असता. परंतु धर्मनिष्ठ विष्णुभटांना एवढे दूर आल्यावर तीर्थयात्रा केल्याशिवाय परतणे उचित वाटले नाही. शिवाय द्रव्याची आशा अजून सुटली नव्हती. चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी अशी स्थाने त्यांच्या प्रवासात येतात. देश अजून धुमसत होता. वाटेत कोण शत्रू आणि कोण मित्र हे कळण्याचा मार्ग नव्हता. पुन्हा लुटले जाण्याचे प्रसंगही आले. तरीही ते चालत राहिले. काशीहून त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली. या पाण्याने वृद्ध मातापित्यांना स्नान घालावयाचे, एवढे एकच समाधान आता त्यांना घरी नेता येण्यासारखे होते. काशीपासून वरसईपर्यंत कावड खांद्यावर वाहून नेणे म्हणजे काय, याची कल्पना आज गाडीतून ते अंतर कापणाऱ्या आपल्याला येणे कठीण आहे.

घर सोडल्यानंतर तीनेक वर्षांनी विष्णुभट वरसईस परतले. मातापित्यांना गंगास्नान घडले. ज्या कामासाठी ते गेले होते ते मात्र साधले नव्हते. व्यवहाराच्या हिशेबात हा प्रवास सपशेल फसला होता. पुढची वर्षे पुन्हा भिक्षुकीतच गेली. आपण काही असामान्य केले आहे, असे त्यांनी मिरविल्याचे दिसत नाही.

या माणसाच्या मनात केवढा ठेवा आहे हे ओळखले ते चिंतामण विनायक वैद्य यांनी. पुढे भारताचार्य म्हणून प्रसिद्धीस आलेले हे थोर इतिहासकार आपल्या ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश होते, हे येथील जुन्या मंडळींना सांगावयास नको. विष्णुभट वैद्य घराण्याचे उपाध्ये. त्यांच्या तोंडून प्रवासाच्या गोष्टी ऐकून तरुण चिंतामणरावांनी त्यांना सर्व हकीकत लिहून काढण्याचा आग्रह केला. १८८३ च्या सुमारास, छपन्न वर्षांच्या विष्णुभटांनी लेखणी हाती घेतली. प्रवास संपून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सरकारचा रोष होईल ही भीती मात्र मनातून गेली नव्हती. आपल्या हयातीत हे छापू नये, अशी त्यांची अट होती आणि वैद्यांनी ती पाळली. अखेर १९०७ साली, उठावाला पन्नास वर्षे होत असताना, ‘माझा प्रवास’ वैद्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. लेखक तेव्हा या जगात नव्हता.

वैद्यांनी छापताना मूळ भाषा बरीच नीटनेटकी केली होती, काही मजकूर गाळला होता आणि काही ठिकाणी मांडणी बदलली होती. तरी मूळ हस्तलिखित त्यांनी फेकून दिले नाही. १९२२ साली ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ठेवण्यात आले. त्याच्या आधारे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ बरहुकूम आवृत्ती सिद्ध केली आणि विष्णुभटांचा अस्सल आवाज वाचकांना ऐकू आला. हिंदीचे नामवंत लेखक अमृतलाल नागर यांनी हे पुस्तक हिंदीत नेले. या शतकात त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली आहेत. वरसईचा भिक्षुक आता देशोदेशींच्या वाचकांपर्यंत पोहोचला आहे.

या पुस्तकावर आक्षेपही घेतले जातात आणि ते योग्यच आहेत. इतक्या वर्षांनी लिहिल्यामुळे तिथी-मितींचा घोटाळा होतो. जे स्वतः पाहिले आणि जे दुसऱ्याच्या तोंडून ऐकले, ते कधी कधी एकाच ओघात येते. दरबारातल्या वदंता आणि बाजारगप्पा यांनाही विष्णुभट मनापासून जागा देतात. तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांची साक्ष इतर कागदपत्रांशी ताडून पाहिलीच पाहिजे. परंतु वेढा पडलेल्या शहरात सामान्य माणूस काय खातो, कोठे लपतो, कशाला घाबरतो आणि उद्याचा विचार कसा करतो, हे सेनापतींच्या खलित्यांतून कळत नाही. ते विष्णुभटांकडूनच कळते. भ्यालो तेव्हा भ्यालो असे ते मोकळेपणाने सांगतात. सत्य साहसकथेला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते हवे?

एक घरगुती गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. माझे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. त्यांनी लिहिलेली बाडे आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधून ठेवलेली होती. सारी मोडीत. घरात ती वाचता येणारे कोणी उरले नव्हते. मी एम. ए. च्या वर्गात असताना घर बदलले आणि सामान हलविण्याच्या घाईत ती बाडे रद्दीत गेली. मी तेव्हा वसतिगृहात विष्णुभटांच्या पुस्तकावर टिपणे काढीत बसलो होतो. सुट्टीत घरी आल्यावर आईने ते फडके दाखविले. तिने ते धुऊन पोळ्यांच्या डब्यात घातले होते. तिचा काही दोष नव्हता. त्या कागदांत काय आहे हे मी तिला कधी सांगितलेच नव्हते, कारण मीही ते कधी उघडून पाहिले नव्हते. त्यांत केवळ धान्याचे हिशेब असतील किंवा आणखी काही असेल. आता ते कधीच कळणार नाही. झाशीचे पुस्तकालय शत्रूने बुडविले. आमच्या माळ्यावरचे आम्हीच बुडविले.

विष्णुभटांचे हस्तलिखित वाचले ते तीन गोष्टींमुळे. एका जाणत्या माणसाने म्हाताऱ्या भिक्षुकाच्या गोष्टी कान देऊन ऐकल्या, त्याने त्या लिहून घेतल्या आणि लिहिलेले कागद एका संस्थेने जपले. शतक पूर्ण करणाऱ्या आपल्या वाचनालयाने यांतले तिसरे काम आजवर निष्ठेने केले आहे. पहिली दोन कामे आपली, सभासदांची आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर एखादे बाड अजून शिल्लक असेल, त्यांनी ते फडके सोडून पाहावे आणि वाचता आले नाही तरी ग्रंथपालांच्या टेबलावर आणून ठेवावे. आणि ज्यांनी ‘माझा प्रवास’ अद्याप वाचलेले नाही, त्यांनी प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी गेल्यावर थोडे खाली वाकावे. ते पुस्तक खालच्या फळीवर आहे.